अर्धेलीची खुडूक

"अक्का, तुमची लाल कोंबडी खुडूक झालीय म्हनं. माझ्या गिनीची अंडी बसवता का तिच्याखाली? पिल्लं निम्मी तुमची, निम्मी माझी."

धाकटी जाऊ विजयश्री बांधावर उभी राहून विचारत होती. गीताबाईनं सोयाबीनमधलं खुरपं थांबवलं नाही.

"कुठली खुडूक? ती तर रोज अंडं घालायली."

तेवढ्यात शेतावरच्या आखाड्याच्या छपराखालून लाल कोंबडी घुरघुरली. खुडूक कोंबडीशिवाय कोणी तसं घुरघुरत नाही. विजयश्रीनं ऐकलं, "बरं" म्हणाली आणि गेली.

खुडूक कोंबडी अर्धेलीनं द्यायची ही निर्णा गावाची जुनी रीत. देण्यात गीताबाईचं काही जाणार नव्हतं. पण पोटात जळत होतं त्याला रीत काय करणार? वीस वर्षं सारं गाव कोंबडी बसवायला गीताबाईला विचारायचं. एकविसाव्या दिवशी तिची पिल्लं बाहेर, त्यात कधी चूक नाही. आणि गेल्या साली विजयश्रीनं हुमनाबादच्या बाजारातून ठिपक्याठिपक्यांच्या दहा गिनी कोंबड्या आणल्या. आधी लोक हसले. पण साध्या कोंबड्या रान उकरून ठेवतात, या गिनी ओळीनं पिकातून चालत जायच्या आणि अळी न अळी टिपायच्या. यंदा विजयश्रीचं सोयाबीन हिरवंगार, आणि दोन फवारण्या करूनही गीताबाईच्या पानांची चाळण. येणारा जाणारा बांधावर थांबायचा तो पलीकडे तोंड करून. गीताबाईचा स्वतःचा नवरा व्यंकटसुद्धा.

गिनीत खोट एकच. अंडी कुठंही घालायची आणि बसायचं नाव नाही.

दुसऱ्याच दिवशी गवत कापताना आपल्या बाजूच्या तरवडाच्या झुडपात गीताबाईला चौदा अंडी सापडली. बारकी, तपकिरी, कवच दगडासारखं. माझ्या रानात घातली ती माझी, असं तिनं मनाला सांगितलं. संध्याकाळी टोपलीत भुसा घालून तिनं लाल कोंबडी त्यांच्यावर बसवली. आपलीही ओळ पिकातून चालेल, आणि विजयश्री बांधावर थांबून बघेल, एवढंच तिला हवं होतं.

एकविसावा दिवस उजाडला. टोपली गप्प. बाविसावा, तेविसावा. उजेडाला धरून पाहावं तर जाड कवचातून काही दिसेना.

व्यंकट टोपलीत डोकावला. "ही तर गिनीची हायत की. विजयश्रीला इच्यार, किती दिस लागत्यात."

"मी कामून इच्यारू? कोंबडी बसवायला आता तिनं शिकवावं का मला?"

"मग बस तशीच."

विचारायचं तर अंडी कुठून आली ते सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिला वाटलं, त्या बाईची अंडीसुद्धा त्या बाईसारखीच, वरून गुळगुळीत आणि आत नासकी. कोंबडी टोचत होती तरी तिनं अंडी पदरात घेतली आणि उकिरड्यावर भिरकावली.

अकरा फुटली. वास आला नाही. एका फुटक्या कवचात पट्ट्यापट्ट्यांचं ओलं पिल्लू होतं, आणि ते पाय हलवत होतं. गीताबाईच्या देखत ते थांबलं.

ती खाली बसली. भुरभूर पाऊस लागला होता. उरलेली तीन अजून गरम होती. ती तिनं चोळीशी धरली, कोंबडी काखोटीला मारली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन बांध ओलांडला.

विजयश्री पडवीत शेंगा निवडत होती. तिनं अंड्यांकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं.

"अठ्ठावीस दिस लागत्यात, अक्का. किती झाले?"

"तेवीस."

विजयश्री बोटांवर मोजत मागं गेली, बांधावर विचारलं त्याच्या दुसऱ्याच दिवसापर्यंत. गीताबाईनं उत्तरं तयार ठेवली होती. विजयश्रीच्या सात पिढ्यांची धुणी ती तिथंच धुणार होती.

"मग पाच राह्यले," विजयश्री म्हणाली. "घरी न्या बिगीनं, गार पडतील. आन् आखाड्यात नका ठिवू, वारं लागतंय. आत बसवा."

भांडली असती तर बरं झालं असतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिन्ही फुटली. विजयश्री मूठभर ज्वारीचा भरडा घेऊन आली, टोपलीपाशी बसली, हाताला लागलं ते पिल्लू उचललं आणि त्याच्या पायाला लाल दोरा बांधला.

"दोन तुमची, एक माझं. कोंबडी तुमची, जागा तुमची. मोठं होस्तवर हितंच राहू द्या."

"अंडी तुझी की," गीताबाईच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय," विजयश्री म्हणाली आणि उठली.

आता नशीब बघा. तिघांत तरतरीत निघालं ते दोऱ्याचंच. कोंबडीच्या पुढं पळणारं, पहिली अळी टिपणारं. गीताबाईची दोन्ही मागं रेंगाळणारी. ती दाणे टाकते दोघांसाठी, आणि बघत बसते तिसऱ्याकडं. दोरा बदलायला कितीसा वेळ लागतो? कोण पाहतंय?

दोनदा तिनं तो दोरा सोडला. दोनदा परत त्याच्याच पायाला बांधला.