पाचवी शिट्टी

“पैजेवर सांगतो, हे तुम्हाला पटणार नाही,” गोमेरा बेटावरच्या चीजच्या दुकानात म्हातारे सेवेरोकाका गिऱ्हाइकांना म्हणाले.

खूप वर्षांपूर्वी स्पेनच्या मुख्य भूमीवरून राहायला आलेली एल्विरा आपल्या लेकीला, इरेनेला, शाळेत घालायला गेली. पाचवं मूल मिळालं नाही तर शाळा बंद पडणार होती, म्हणून बाई पायघड्या घालतील असंच तिला वाटलं. पण बाई म्हणाल्या, “पाच भरली की! ऐका.”

त्यांनी तोंडात बोटं घालून शिट्टीत हजेरी घेतली. दरीपलीकडच्याला हाक मारायची इथली रीतच ती. चार नावांना वर्गातून शिट्ट्या आल्या. पाचवी आली दरीपलीकडच्या ओसाड घरांतून.

“ती कोण?”

“इरेने. एका नावाला जागा एकच असते हो, ताई.”

एल्विराने लेकीचा हात घट्ट धरला. पण कालच बेटावर उतरलेल्या पोरीने ओठांचा चंबू केला आणि पलीकडच्या शिट्टीला तश्शीच शिट्टी दिली. दोन्ही शिट्ट्या एकदम थांबल्या. एल्विराच्या हातात लेकीच्या हाताऐवजी नुसतं दप्तर उरलं.

“पुन्हा त्या पोरीला कुणी पाहिलं नाही,” काका कुजबुजले.

गल्ल्यामागे चीज कापणाऱ्या बाईची सुरी थांबली. “सेवेरोकाका, थापा मारायलाही लाज हवी! इरेने मीच ना? मग इतकी वर्षं तुम्हाला चीज कोण कापून देतंय?”