पेटीतलं शेवटचं कार्ड

शहराच्या तीनशे बारा सरकारी शाळा कोण चालवतं, असं कुणालाही विचारलं तर तो शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांकडे बोट दाखवेल. खरं म्हणजे त्या चालायच्या खात्याच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या एका बाईच्या फोनवर. कुठल्याही शाळेतला शिक्षक आजारी पडला, की त्या दिवसापुरता बदली शिक्षक पाठवायचं काम तिचं. सकाळी सहाला ती लोकांना उठवायला लागायची म्हणून सगळं खातं तिला घंटाबाई म्हणायचं. नवरा म्हणायचा, "तुझ्याशी लग्न केल्यापासून घरात गजराचं घड्याळ लागलं नाही, एवढा फायदा मात्र झाला बुवा."

तिच्याकडे एक लांबोडकी लाकडी पेटी होती आणि पेटीत बदली शिक्षकांची एकशे वीस कार्डं. खात्याने दोनदा कॉम्प्युटर पाठवला, दोन्ही वेळा तिने तो झाकून कोपऱ्यात ठेवला. पेटीचा नियम एकच. जो बोलावल्यावर आला, त्याचं कार्ड संध्याकाळी सगळ्यांत पुढे. न येणारे आपसूक मागे सरकत. फोन पुढून सुरू करायचे, नंबर फिरवायचा, शाळा सांगायची, "येता?" विचारायचं, आणि हो म्हटलं की ठेवून द्यायचा. नाव वाचत बसायचं नाही, आभारबिभार तर मुळीच नाही. दीड तासात चाळीस फोन करायचे तर गोड बोलायला सवड कुणाला असते?

त्या आठवड्यात शहरात तापाची साथ आली. सोमवारी पंचवीस शिक्षक गळाले, मंगळवारी चव्वेचाळीस, बुधवारी एकसष्ट. घंटाबाईच्या नाकी नऊ आले. तरी पावणेआठपर्यंत तिने साठ वर्गांवर माणसं उभी केली. उरली एकच, टोकाची शाळा.

ही शाळा म्हणजे मालगाडीच्या रुळांलगतची एक खोली. पहिली ते तिसरीची एकतीस पोरं, एक मास्तर आणि झाडलोट करणाऱ्या मावशी. मास्तर तापाने फणफणले होते. साडेआठपर्यंत शिक्षक आला नाही तर शाळेला त्या दिवशी कुलूप लावायचं, असा नियम. आणि वर्षात तिसऱ्यांदा कुलूप लागलं की शाळा कायमची बंद, पोरं जवळच्या दुसऱ्या शाळेत. नकाशावर ती शाळा जवळच होती. फक्त मध्ये मालगाड्यांचे चार रूळ होते. टोकाच्या शाळेला यंदा दोनदा कुलूप लागून झालं होतं.

घंटाबाईने पेटी उपसायला घेतली. एक म्हणाला, मलाच ताप. एकीचं मूल तापलेलं. एकाने नाव ऐकताच सांगितलं, "बाई, तिथे बस बदलत जायचं म्हणजे अर्धा दिवस वाटेतच." त्याला ती म्हणाली, "मग उरलेला अर्धा तरी द्या!" पण त्याने फोन ठेवला होता. काही नंबर तर कधीच बंद पडलेले. आठ वाजले. आठ वाजून पाच मिनिटांनी तिच्या बोटांना पेटीची मागची फळी लागली, आणि फळीला टेकून एक कार्ड.

इतक्या मागे ती कित्येक वर्षांत आली नव्हती. दर वर्षी खात्यातून प्रत्येक बदली शिक्षकाला पत्र जायचं, नाव ठेवायचं की काढायचं ते कळवा, नंबर बदलला असेल तर तोही कळवा. आलेल्या उत्तरातला नंबर वरच्या टपाल विभागातला कारकून कापून कार्डावर चिकटवायचा. या कार्डावर अशा इतक्या पट्ट्या होत्या की नाव पार झाकून गेलं होतं. कधी न येणारा, पण नंबर मात्र न चुकता कळवणारा हा कोण महाभाग? विचार करायला वेळ नव्हता. दगडापेक्षा वीट मऊ म्हणत तिने नंबर फिरवला.

"बदली विभाग. टोकाची शाळा, तीन इयत्ता, एक खोली, साडेआठ. येता?"

पलीकडून एक जाडसर आवाज म्हणाला, "रुळांजवळची ना? येतो."

"खडू बरोबर न्या, तिथले संपलेत. पोरांवर ओरडायचं नाही. आणि संध्याकाळी पाचच्या आत हजेरीची चिठ्ठी माझ्या हातात पाहिजे."

"बरं," आवाज म्हणाला.

साडेआठला तीन मिनिटं असताना मावशींचा फोन आला. "बाई, आला हो माणूस! गाडी पार तिकडे सोडून चालत आला. बूट चिखलाने भरलेत, पण खडूची पेटी आहे हातात."

घंटाबाईचा जीव भांड्यात पडला. एकतीस पोरं आज तरी रूळ ओलांडणार नव्हती. देव पावला, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि मग पावलेल्या देवाचं नाव काय ते बघावं म्हणून तिने पट्ट्या सोलायला घेतल्या. सहावी पट्टी निघाली आणि खाली तिच्याच तरुणपणच्या अक्षरातलं नाव दिसलं. खात्याच्या प्रत्येक आदेशाखाली ज्यांची सही असते, ते नाव. मोठे साहेब.

तिची पाचावर धारण बसली. मोठ्या साहेबांना आपण खडू न्यायला सांगितले! ओरडू नका म्हणालो! दिवसभर ती जिन्यावरची पावलं ऐकत बसली. घरून आणलेला डबा तसाच राहिला.

पाचला दहा कमी असताना साहेब दारात आले. कोटाच्या बाहीला खडू, बुटांवर वाळलेला चिखल. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. हजर एकतीस. शिकवलेला भाग, हातच्याची वजाबाकी. शेरा, 'तिसरीतल्या एका मुलीने गुरुजींची चूक काढली. तिचंच बरोबर होतं.'

"साहेब, चुकलं माझं," घंटाबाई उभी राहिली. "नाव झाकलेलं होतं. तुम्ही तेव्हाच सांगायचंत ना, मी कोण ते!"

"सांगितलं असतं तर फोन ठेवला असतात." साहेब समोरच्या स्टुलावर बसले. "आणि नाव झाकलं तुमच्या कारकुनाने. काढू नका, हे मात्र मीच दर वर्षी लिहीत आलो."

"पण का, साहेब? तुम्हाला काय कमी होतं?"

"तीस वर्षांपूर्वी मी पदवी घेऊन घरी बसलो होतो. वर्षभर अर्ज केले, सगळीकडून नकार. वडील माझ्याशी बोलेनासे झाले होते. एका सकाळी शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी फोन आला. एक बाई एका दमात म्हणाली, चौथीचा वर्ग, साडेआठ, येता? वर्षभरात मला 'येता?' असं विचारणारं ते पहिलं माणूस." साहेबांनी चष्मा पुसला. "तुम्हाला आठवत असेल."

घंटाबाईला काहीही आठवत नव्हतं. त्या दिवशीही चाळीस फोन असतील, त्यातला तो एक. खोटं बोलणं तिला जमेना. "नाही हो साहेब," ती म्हणाली.

"नसू दे. मला आठवतं ना." ते उठले, दाराशी थांबले. "तीन कुलपांचा नियम माझ्या सहीचा आहे. आज त्या खिडकीतून दिवसभर गाड्या बघितल्या. त्याचं काय ते मी बघतो. मास्तर उद्या येणार का?"

"नाही, ताप उतरलेला नाही."

"आणि माझं कार्ड?"

"पुढे," घंटाबाई म्हणाली. "नियम आहे." साहेब हसले आणि जिना चढून गेले.

घरी जाण्याआधी ती बराच वेळ पेटीसमोर बसली. तीस वर्षं ज्यांना आपण नुसते नंबर म्हणून फिरवलं, ती माणसं अंथरुणातून उठून, पोरंबाळं शेजारी ठेवून, परक्या वर्गांवर जात होती. त्यांनी हो म्हटलं म्हणून आपली नोकरी टिकली. तिने साहेबांचं कार्ड पुढे लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने पहिलं कार्ड काढलं, नाव नीट वाचलं आणि नंबर फिरवला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

"टोकाची शाळा, साडेआठ. येता?"

"येतो."

एरवी तिने फोन ठेवला असता. आज ती म्हणाली, "आभारी आहे, साहेब." मग दुसरं कार्ड काढलं, त्यावरचंही नाव वाचलं. त्या दिवशीचे फोन संपायला तिला वीस मिनिटं जास्त लागली.