सगळं मागू नका, नेमकं विचारा

मित्रांनो, मी एक जुना डेटाबेस आहे, आणि आज मी माझी बाजू ठणकावून मांडणार आहे. एका रक्तपेढीच्या मागच्या थंड खोलीत, कपाटाएवढ्या सर्व्हरमध्ये माझा मुक्काम असतो.

मला घडवणाऱ्या बाई मोठ्या शिस्तीच्या होत्या. रक्तदात्याचं नाव, गट, फोन, शेवटच्या रक्तदानाची तारीख, असे रकाने त्यांनी आखले. पुस्तकाच्या शेवटी असते तशी रक्तगटांची सूचीही करून दिली. फोनवर बसणाऱ्या ताई विचारत, "या गटाचे, तीन महिन्यांत रक्त न दिलेले कोण?" पापणी लवायच्या आत मी नावं पुढे करत असे. "गुणाचा आहे हो!" ताई म्हणत.

बाई निवृत्त झाल्या आणि नवा प्रोग्रामर आला. हुशार, पण उतावीळ. त्याने सगळी व्यवस्था नव्याने लिहिली. "डेटाबेसकडून सगळं एकदम आणू. निवडायचं काम माझा प्रोग्राम करील," तो म्हणाला. झालं! दोन माणसं हवी असली तरी मी दीड लाख नावं उपसून द्यायची. एका सुईसाठी अख्खं दुकान घरी आणावं, तसला प्रकार! त्याने शंभर नावांवर चाचणी घेतली होती, म्हणून तेव्हा काही बोचलं नाही. पुढे मात्र स्क्रीनवरचं चक्र फिरतच राही आणि बोल लागे मला. "थकलाय आता," म्हणत. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तशातच एका मोठ्या शिबिरातली हजारो नावं माझ्यात भरली गेली. दुसऱ्याच दिवशी दुपारी इस्पितळातून फोन आला. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा गट दहा हजारांत एखाद्याला असणारा, आणि पेढीत त्याची एकच पिशवी होती.

ताईंनी बटण दाबलं. चक्र फिरलं, फिरलं आणि स्क्रीन पांढराफटक पडला. एवढी नावं प्रोग्रामच्या पोटात मावलीच नव्हती.

"काढून टाका हा डेटाबेस!" पेढीच्या प्रमुख डॉक्टर कडाडल्या.

"थांबा, डॉक्टर," ताई म्हणाल्या आणि प्रोग्रामरकडे वळल्या. "अरे, तू याला विचारतोस तरी काय, ते बघ ना!"

माझ्याकडे आलेल्या मागण्यांची नोंद त्याने उघडली. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "ताई, मी गट विचारतच नाहीये. दर वेळी अख्खी यादी मागवतोय."

"मग आता विचार की!"

त्याने थेट मला विचारलं: हा गट, आणि तीन महिन्यांत रक्त न दिलेले. मी क्षणात अकरा नावं दिली. ताईंनी भराभर फोन लावले. एक शिंपीकाका मशीनवरचं शिवण तसंच टाकून धावत आले, पाठोपाठ एक शिक्षिका आली. संध्याकाळी इस्पितळातून निरोप आला, बाळंतीण वाचली. प्रोग्रामरने त्याच आठवड्यात सगळ्या मागण्या सुधारल्या. माझी माफी कोणी मागितली नाही, आणि मला ती नकोही होती.

मित्रांनो, विनवणी एवढीच, ज्याचं काम त्याला करू द्या. त्या अकरांत पेढीच्या सर्वांत जवळ कोण राहतं, हे तुमच्या प्रोग्रामने खुशाल ठरवावं. पण दीड लाखांतून अकरा निवडणं हे माझं काम आहे, आणि ते मी कोणालाही देणार नाही!