उत्तमरावांचा बुशशर्ट

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर एका मांडवात चला. असं समजा, की वैशाखातली संध्याकाळ आहे. मोठी लढाई संपून वर्षच झालंय, आणि कापड अजून कंट्रोलच्या दुकानात रांग लावून मिळतं. पिंपळगाव राजा या गावी पंजाबराव नावाच्या शेतकऱ्याच्या दारात मांडव पडलाय. त्यांच्या शकुंतलेचं लग्न आहे. आता असं समजा, की तुम्ही दहा वर्षांची कोकिळा आहात आणि दोन कोसांवरच्या गावाहून वडिलांबरोबर बैलगाडीतून तिथं आला आहात. आई आली नाही. ती घरी बाळंतीण आहे.

कोकिळेचे वडील उत्तमराव म्हणजे शकुंतलेचे सख्खे मामा. आपल्याकडे लग्नात मामाचं काम मोठं असतं. त्यानं नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. उत्तमरावांना ती एकच भाची. हा मान त्यांनी ती पाळण्यात असल्यापासून मनात जपला होता.

आता त्यांच्या अंगात काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. माघात बापलेक कापसाची गाडी घेऊन खामगावला गेले होते. तिथं कोकिळेनं एक तरुण पाहिला. अर्ध्या बाह्या, उघडी कॉलर, समोर दोन खिसे, आणि खालची किनार पँटीच्या बाहेर मोकळी सोडलेली. असा बुशशर्ट तिनं कधी पाहिला नव्हता. ती मागं वळून वळून पाहत राहिली.

"बाबा, तुमी बी असाच शिवा ना!"

उत्तमराव हसले. पण लग्नासाठी कंट्रोलचं निळ्या रेघांचं कापड मिळालं, तेव्हा ते खरंच रंगराव शिंप्याकडे गेले आणि बुशशर्ट शिवा म्हणाले.

रंगरावानं टेप गळ्यात टाकली. "बाप्पा! हे सायबलोकायचं काम हाये, उत्तमराव. सदरा कसा गुडघ्यालोक येते. हे तं कमरेखाली चार बोटं येईन."

"कापड कमी लागते ना?"

"कमी तं लागते."

"मंग उरन त्याचं पोरीले पोलकं शिव. अन् तिले आवडते तसाच शिव."

त्यांना स्वतःला अंगभर सदराच आवडायचा. पोलक्यासाठी आपण आखूड शर्ट घेतला, हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही. कोकिळेलाही नाही.

लग्नाच्या सकाळी त्यांनी स्वच्छ धोतर नेसून वर तो शर्ट घातला आणि लेकीसमोर उभे राहिले.

"कोके, कसा दिसतो वं?"

"सायबावानी!" कोकिळेनं टाळ्या वाजवल्या.

मुलांनो, ती खोटं बोलत नव्हती. तिला ते खरोखर तसेच दिसले.

मांडवात पोचल्यावर कोकिळेला एक मैत्रीण मिळाली. शरयू तिचं नाव. तिचे वडील शरच्चंद्र नवरदेवाचे थोरले भाऊ, बुलढाण्याच्या कचेरीत कारकून. शरयूच्या केसांना रेशमी फीत होती. तिनं कोकिळेचा हात धरला आणि सारी दुपार तो सोडलाच नाही. कोकिळेला आपण एकदम मोठ्या झाल्यासारखं वाटलं.

मग मामाला फेटा बांधायची वेळ आली. उत्तमराव पाटावर उभे राहिले आणि फेटा नीट बसवायला त्यांनी दोन्ही हात वर केले. त्याबरोबर शर्टही वर गेला. धोतराच्या खोचलेल्या निऱ्या, कमरेचा करगोटा आणि उघडं पोट सगळ्या मांडवाला दिसलं. हा शर्ट पँटीवर घालायचा असतो, हे त्या घरात कोणाला सुचलंच नव्हतं.

"आबे, मामा अर्धाच आला काय?" वऱ्हाडातलं एक पोरगं ओरडलं.

"कंट्रोलात बाह्या नाई भेटल्या वाटते!"

"खालून उंदरानं खाल्ला बे!"

"अन् ते पाह्य, पोरीचं पोलकं! बापलेक एकाच ताग्यातले!"

एक म्हातारी मधेच म्हणाली, "काऊन हसता रे? उन्हाचे दिवस, हवा लागते मानसाले. बरा दिसते मामा." पण तिचं ऐकतो कोण?

गंमत बघा. शरच्चंद्रांच्या अंगातही बुशशर्टच होता, पांढरा, इस्त्री केलेल्या पँटीवर. सकाळपासून दोघातिघांनी त्याचं कापड बोटांनी चाचपून वाहवा केली होती. ते हसले नाहीत. फक्त शेजारच्याला शांतपणे म्हणाले, "फॅशन चांगली आहे. पण ज्यानं त्यानं आपली पायरी पाहून करावी."

ते पंजाबरावांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते उत्तमरावांजवळ गेले.

"उत्तमराव, पाहुणे हसून राह्यले. असे उभे राहान काय पोरीच्या मांगं? किसनरावाचा कोट घाला वरून."

किसनराव हे चुलत मामा. त्यांनी कोट काढायला सुरुवातही केली.

"कोट कायले, भाऊजी?" उत्तमराव म्हणाले. "नवंकोरं हाये. माह्या कोकीनं पसंत केलं. झाकलं तं तिले काय वाटन?"

पंजाबरावांनी आजूबाजूला पाहिलं. कोकिळा तिथंच होती, शरयूच्या हातात हात घालून.

"हे पाह्य, हेच पसंत करणारी! सांग वं पोरी, तुह्या बापाले हे शोभते काय?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. उत्तमराव लेकीकडे पाहून हसले. तिला धीर यावा म्हणून हसले असावेत. कोकिळेनं शरयूकडे पाहिलं. शरयूनं ओठ दाबून हसू धरलं होतं, आणि तिच्या हाताची पकड थोडी सैल झाली होती.

"नाई," कोकिळा म्हणाली. "म्या नाई सांगतलं त्यायले. मले नाई आवडत तो."

पुन्हा हशा झाला. पहिल्यापेक्षा मोठा. उत्तमराव रागावले नाहीत. त्यांनी कोट घेतला असता तर तेवढ्यावर सगळं मिटलं असतं, पण किसनरावांनी पुढं केलेला कोट त्यांनी हातानं हळूच मागं सारला.

"तुमीच उभे राहा शकुच्या मांगं," ते म्हणाले. डोक्यावरचा फेटा उतरवून त्यांनी पाटावर ठेवला आणि ते मांडवाबाहेर गेले.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. मंगलाष्टकं चालू असताना शकुंतलेनं एकदा मान वळवून मागं पाहिलं. पाठीशी किसनराव होते. तिनं मान परत खाली घातली. सगळ्यांबरोबर कोकिळेनंही अक्षता टाकल्या.

मग पानं मांडली. शरयूनं आपल्या शेजारची जागा कोकिळेसाठी राखली. तिथून बत्तीच्या उजेडात दारासमोरचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं. झाडाखाली गाडी सोडलेली होती आणि जुवावर उत्तमराव बसले होते, त्याच शर्टात. त्यांनी कोकिळेला पाहिलं. हात थोडा वर करून त्यांनी तिला 'इकडे ये' अशी खूण केली.

"तुझे बाबा बोलावताहेत," शरयू म्हणाली.

"मले नाई बोलावत ते."

उत्तमरावांनी पुन्हा खूण केली. कोकिळा उठली. शरयूला हाताला धरून ती समोरच्या पंगतीत जाऊन बसली, झाडाकडे पाठ करून, आणि वाढप्यासमोर तिनं पत्रावळ पुढं ओढली.