दोरा कोण हलवतं?

दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जमलेल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी बेपत्ता होतं, आणि समोर गादीवर दोरेबाबा बसले होते.

"मी हात लावत नाही, मी बोलत नाही! हरवलेल्याची वस्तू दोऱ्याला, दोरा जवळच्याच्या हातात. गोल फिरली तर माणूस जिवंत, सरळ झुलली तर गेला. मी कोण सांगणारा?"

न बोलणारे बाबा तासभर बोलत होते.

गर्दीत बसलेल्या एका आईची थोरली लेक शाळेत विज्ञान शिकवायची. आज ती आईला न्यायला आली होती. धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर होता आणि ती बोट चार दिवसांपूर्वी बुडाली होती; तेव्हापासून आई रोज इथं येऊन बसायची. काल इस्पितळाच्या शवागारात तिनंच त्याला ओळखलं. उद्या सकाळी अंत्यसंस्कार. आईला त्याचं तोंड बघायचं तर आजच. पण आई हलायला तयार नव्हती.

आईच्या चिमटीत दोरा होता, दोऱ्याला त्याची अंगठी. अंगठी आधी थरथरली, मग चांगली गरगर फिरू लागली. हॉलभर हात जोडले गेले.

"बघ," आई म्हणाली. "मी बोट तरी हलवलं का? तू कुण्या भलत्यालाच बघून आलीस."

थोरलीनं दोरा घेतला आणि बंद खिडकीच्या गजाला बांधला. अंगठी जराशी डुलली आणि थांबली. थांबली ती थांबलीच.

"फिरवा ना, बाबा."

"गजाला माया असते का, ताई?" बाबांनी डोळे मिटले. "माया लागते!"

"पटलं." तिनं दोरा परत आईच्या हातात दिला आणि तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. "आता विचार. फिरतेय का गं?"

"फिरतेय की! चांगली फिरतेय."

थोरलीनं रुमाल सोडला. अंगठी नुसती लोंबकळत होती. गोल नाही, सरळ नाही.

"आई, वस्तू आपणहून हलत नाही. कुणीतरी बल लावावं लागतं. तू मुद्दाम नाही लावलंस. अंगठी बघताबघता बोट कणभर सरकतं, तुला कळतही नाही. झोपाळ्याला वेळेवर हलके धक्के दिले की झोका वाढत जातो ना, तसंच. डोळे बांधले की ती वेळ चुकते."

"पुढचा नंबर!" बाबा घाईनं ओरडले. कुणी उठलं नाही.

आई कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"मग इतके दिवस 'आहे, आहे' कोण म्हणत होतं?"

"तूच, आई."

आईनं तिथंच हंबरडा फोडला. थोरलीही रडली. मग आई तिच्या खांद्याला धरून उठली आणि दारापाशी वळली.

"बायांनो, इथं बसू नका. बंदरावर जा, इस्पितळात जा, चार माणसांना विचारा. दोऱ्याला नका विचारू, आपल्याला हवं तेच तो सांगतो. माझं लेकरू तिथं एकटं पडलंय, आणि मी इथं..."

पुढचं तिला बोलता आलं नाही.