इंद्रभान गुरुजींचं नाक

खाटेवर बसलेल्या नवऱ्याच्या गुडघ्यांकडे चंपाबाईची नजर सारखी जात होती. पायजम्याखाली, दोन्ही गुडघ्यांभोवती, तिनंच सकाळी आवळून बांधलेल्या ओल्या पट्ट्या होत्या. आज बांधायला नको होत्या, हे तिलाही कळत होतं. पण पहाटे पाय लाकडासारखे ताठ झाले आणि पट्ट्यांशिवाय माणूस उठेना, तेव्हा तिचा इलाज चालला नाही.

समोर खुर्चीवर हेडमास्तर दौलतसिंग बसले होते. इंझोरीच्या शाळेत त्यांनी आणि इंद्रभान गुरुजींनी कित्येक वर्षं शेजारी शेजारी वर्ग घेतले होते. पण गुरुजी दारू पिऊन शाळेत येतात, असं संस्थेला त्यांनीच कळवलं होतं. चालताना झोकांड्या खातात, जीभ अडखळते, अंगाला वास मारतो. चौकशी सोमवारी होती. आरोप शाबीत झाला तर नोकरी जाणार होतीच. पण छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना दारूला शिवणार नाही अशी प्रतिज्ञा केलेला माणूस गावात खोटा ठरणार होता, ते नोकरीहून मोठं होतं.

झोकांड्यांचं कारण नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवरचं रबर जागोजागी खरवडून निघावं, तसं मज्जातंतूंचं होतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत आणि पायाचा स्पर्श मेंदूपर्यंत धड पोचत नाही. आपल्याकडे हा आजार इतका विरळा, की दौलतसिंगांना ती पळवाटच वाटली. अशा रोग्यांचं नाक कसं चालतं, हे त्या डॉक्टरांना तपासायचं होतं. त्यासाठी त्यांची सहायक, कारंज्याच्या जैन घरातली बी.एस्सी. झालेली तारामती, पेटीभर बाटल्या घेऊन यष्टीनं आली होती. ते कानावर पडताच दौलतसिंग बोलावणं नसताना येऊन बसले.

"इंद्रभानच्या घरी बाटल्या येऊन राह्यल्या म्हणते गाव," ते म्हणाले. "म्हटलं, हेडमास्तर हजर पाह्यजे."

गुरुजी हसले. चंपाबाईला हसू आलं नाही.

पट्ट्यांत मोहाची दारू होती. कापूर विरघळवून ती गुडघ्यांना बांध, शिरा मोकळ्या होतात, असं शेजारच्या नानीबाईनं सांगितलं होतं. दारू म्हटलं असतं तर गुरुजींनी बाटली उकिरड्यावर फेकली असती, म्हणून चंपाबाईनं वैद्याचा अर्क म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी पट्टी गुंडाळताना तिचा जीव मुठीत होता. हा वास पोरसुद्धा ओळखेल. पण गुरुजी काहीच बोलले नाहीत. तेव्हा ती समजली, की त्यांना कळलं आहे. दुखण्यापुढं हात टेकून ते गप्प बसले आहेत. मग तीही गप्प बसली. दोघं मिळून एक गोष्ट झाकतो आहोत, असंच ती धरून चालली होती.

"काकू, ती उदबत्ती विझवता का?" तारामती म्हणाली. "वासाच्या आड येते."

चंपाबाईनं उदबत्ती मुद्दामच लावली होती. तिनं ती विझवली. धूर ओसरला तशी तारामतीनं एकदा मान वळवून हवा हुंगली, मग गुरुजींकडे पाहिलं. तिनं पेटी उघडली.

"डोळे मिटा गुरुजी. एक नाकपुडी बोटानं दाबा. वास आला तर सांगा, नाही आला तर नाही म्हणा. यात पास-नापास काही नाही."

"अशी परीक्षा मी घेतली असती त पोरांनी मले खांद्यावर घेतलं असतं."

पहिल्या बाटलीत कुटलेली वेलची होती. गुरुजींनी खोल श्वास घेतला. "काई नाई." नाकपुडी बदलली. "नाई." मेथीला नाही. मग रॉकेलची बाटली उघडली. भिंतीशी उभ्या चंपाबाईला तो दर्प लगेच आला. बाटली गुरुजींच्या नाकाखाली होती.

"काई नाई," गुरुजी म्हणाले.

चंपाबाईला आठवलं. परवा वरण विटलं होतं तरी ते मुकाट जेवले. तिला वाटलं, अन्न टाकवत नाही म्हणून. म्हणजे त्यांना कळलंच नव्हतं. आणि पट्ट्यांचंही त्यांना काही कळलेलं नव्हतं. झाकणारी ती एकटीच होती. ज्याच्यापासून झाकलं, तोच रोज ते अंगावर घेऊन पोरांसमोर उभा राहत होता.

"नाई म्हणायले काय लागते?" दौलतसिंग म्हणाले. "मीबी डोये मिटून नाई नाई म्हणतो."

"म्हणून ही शेवटची आहे," तारामती म्हणाली आणि तिनं एक काळी बाटली क्षणभरच नाकाशी धरली. गुरुजींची मान झटक्यानं मागं गेली. डोळ्यांत पाणी आलं.

"हे झोंबलं बाई. नाकात सुई गेल्यासारखं."

"पाहा," दौलतसिंग म्हणाले, "आला ना वास."

"वास नाही सर. हा अमोनिया. याची झोंब वेगळी नस नेते, ती वासाची नसच नाही. वास गेलेल्या माणसालाही हे झोंबतंच. सोंग घेणाऱ्याला ते ठाऊक नसतं. तो यालाही काही नाही म्हणतो." तिनं बूच घट्ट बसवलं. "या आजारात सगळ्यांचा वास जातो असं नाही. यांचा गेला आहे, एवढं मी लिहून देईन."

 दौलतसिंग खुर्ची पुढं सरकवून म्हणाले, "कबूल. त्याले वास येत नाई. पण त्याच्या अंगाचा मले येते, बाई. आतासुदिक येऊन राह्यला. तुमाले येते का नाई, खरं सांगा."

तारामतीनं खाली पाहिलं. "येतो," ती म्हणाली.

गुरुजींचा चेहरा उतरला. "कायचा वास?" त्यांनी विचारलं. "दौलत, मी थेंब घेतला नाई. तू मले वळखत नाई काय?"

"वळखतो म्हणून तर दुखते. मी काय सांगू सोमवारी? नाक खोटं बोलते म्हणू?"

आता गप्प राहिलं तर आजार खरा ठरूनही दारू गुरुजींच्याच नावावर राहणार होती. चंपाबाई पुढं आली, खाटेपाशी खाली बसली आणि पायजमा वर सारून तिनं एक पट्टी सोडली. ती दौलतसिंगांपुढं धरली.

"घ्या वास, हेडमास्तर. मोहाची हाय. मी बांधत होती. यांयले म्हाईत नोतं."

दौलतसिंगांनी पट्टी नाकाजवळ नेली आणि चटकन खाली ठेवली. "हाच," ते म्हणाले.

"मले काहून नाई सांगतलं?" गुरुजींचा आवाज बारीक झाला होता.

"मले वाटलं, तुमाले समजलं. तुमी बोलले नाई."

"मले आला असता वास त बोललो नसतो काय?"

 तारामती बाटल्या पेटीत लावत राहिली. दौलतसिंग उठले. दारापर्यंत जाऊन वळले. "वहिनी, सोमवारी तुमाले यावं लागन. चार माणसांत हेच सांगावं लागन, दारू घरात कोनं आनली ते. मी वास घेतला तेबी सांगीन, कुठून आला तेबी सांगीन."

"येईन."

"लोक नावं ठेवतीन."

"ठेवू द्या."

दोघं गेल्यावर तिनं दुसरी पट्टी सोडली, पाणी आणून गुडघे धुतले. गुरुजींनी पाय मागं घेतले नाहीत, पण तिच्याकडे पाहिलंही नाही. मग ते म्हणाले, "लय येत होता काय?"

"हो."

"कसा?"

"गोडसर. आंबूस. मोहाची फुलं टोपल्यात सडावी, तसा."

"पुढच्या बाकावरची पोरं मांगं सरकून बसत जात," गुरुजी म्हणाले. "मले वाटलं, घरून शिकवून धाडलं कोनं. वाटलं, जुनं तेच, शिवाशिवीचं, पुन्हा सुरू झालं. म्हणून मी तुलेबी नाई सांगतलं."

चंपाबाईनं ओला हात तसाच त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तो ठेवल्याचं त्यांना कळलं की नाही, हे तिला विचारावंसं वाटलं. तिनं विचारलं. आणि ते काय सांगतात, याची वाट पाहत बसली.