माहेरचं माणूस

“आई, आज नाटकात तोंडातून आवाज काढायचा नाही. शपथ घे,” रिहामने बागेच्या फाटकातच बजावलं. माझ्या ताईने, म्हणजे इन्साफने, काखेतली कांद्याची पात सावरत शपथ घेतली.

आवाज म्हणजे झग्रूता. लग्नघरात बायका जीभ नाचवत जी लांब किलकारी काढतात, ती. तांताच्या सरकारी दवाखान्यात ताई बाळंतिणींची नर्स आहे, पण गल्लीत तिची खरी ओळख हा आवाज. तिला बोलावल्याशिवाय कुणाची नवरी घराबाहेर पडत नाही. स्वतःच्या घरी मात्र तिच्यावर ती वेळच आली नव्हती. रिहामने ठरलेलं लग्न मोडलं आणि कैरोला येऊन नाटकात शिरली. लेक परक्यांसमोर रंग फासून उभी राहते, हे ताईच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिने लेकीचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. आज शम्म अन-नसीमची, वसंताच्या सणाची सुट्टी, म्हणून मीच तिला ओढून आणलं होतं.

आणि दिवस असा धावला की विचारू नका. गवतावर चादर अंथरून आम्ही फसीख मासा खाल्ला, अंडी रंगवली. नाईलवरच्या होडीत गाणी लागली तशी ताई अनोळखी बायकांत घुसून नाचली. कैरोच्या उंच मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी होती, वर पोचल्यावर मात्र खाली यायचं नाव घेईना; तांता कुठल्या बाजूला, हे दिसेल त्याला विचारत सुटली. रिहाम तयारीसाठी पुढे नाटकगृहात निघून गेली होती. आम्ही लिंबाने हात चोळचोळून धुतले, तरी त्या खारवलेल्या माशाचा वास घेऊनच दुपारच्या खेळाला बसलो. शेजारच्या साहेबांनी नाक मुरडलं. मग त्यांच्याही कोटाला तोच वास येतोय हे कळलं आणि आमचं जमलं.

पडदा उघडला. दुसऱ्या अंकात रिहाम पांढऱ्या पोशाखात नवरी होऊन आली. ताईने माझं मनगट घट्ट धरलं. रंगमंचावरच्या बायकांनी झग्रूता काढला, अगदीच फुसका.

“ह्या नवरीला पाठवतायत की मांजर हाकलतायत?” ताई कुजबुजली. मी तिला चिमटा काढला. तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

नाटकातली नवरी पोरकी होती. वरातीपुढे थांबून तिने सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, “माझ्या माहेरचं कुणी आलंय का इथे?”

ओढणी गळून पडली. तिसऱ्या रांगेतून ताईचा आवाज उठला तो थेट छताला जाऊन भिडला. सगळं नाटकगृह वळून बघायला लागलं. मला जमीन दुभंगावी असं झालं. रिहाम मात्र हलली नाही. आवाज संपेपर्यंत मान वर करून ऐकत राहिली. मग “चला,” म्हणाली आणि वरातीत शिरली. टाळ्या थांबता थांबेनात.

खेळ संपल्यावर आम्ही मागच्या दाराशी चोरासारख्या उभ्या होतो. आमची तांताची गाडी चुकू नये म्हणून रिहाम कपडेही न बदलता धावत बाहेर आली.

“माझी शपथ मोडली गं,” ताई म्हणाली.

“मीही एक वाक्य गाळलं. ‘कुणीच नाही’ असं म्हणायचं होतं तिथे. दिग्दर्शक आत नाचतोय रागाने.”

“मग आता उद्या?”

“उद्या म्हणेन की. उद्या तिथे कुणी नसेलच.”

ताईला पहाटे ड्युटीवर जायचं होतं. लेकीच्या गालावरचा ओघळलेला रंग तिने बोटाने पुसला आणि ते बोट तसंच मुठीत धरून टॅक्सीत बसली.

रिहाम फुटपाथवर थांबली. येणाजाणाऱ्यांना ती खरीच नवरी वाटली. एका गाडीने लग्नाच्या तालात भोंगा वाजवला, तिच्यामागून दुसरीने. रिहाम कुणालाच खरं सांगत नव्हती, छातीवर हात ठेवून सगळ्यांचे आभार मानत होती. ताई मागच्या काचेतून बघत होती.

“जरा हळू चालव, बाबा,” ती ड्रायव्हरला म्हणाली.